पेनिसिलीन कोणत्या यादीत?

लहान मुलाचा घसा किंवा कान दुखायला लागला की डॉक्टर बहुधा अमॉक्सिसिलिनचे ड्राय सिरप लिहून देतात. घरी आई त्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत ओतते, बाटली जोरजोरात हलवते आणि फ्रिजच्या दारात ठेवून देते. लेबलवर कंपनीचे नाव, बॅच, मुदत, किंमत असे सगळे छापलेले असते. आतल्या औषधाचा मूळ पदार्थ कुठून आला, एवढेच नसते. अमॉक्सिसिलिन बनते 6-एपीए नावाच्या पदार्थापासून आणि 6-एपीए बनते पेनिसिलीन-जीपासून. हे दोन्ही आपण वर्षानुवर्षे मुख्यतः चीनमधून आणत आलो आहोत.

देशासाठी निर्णायक तंत्रज्ञान कोणते, हे ठरवण्याची चर्चा सुरू झाली की मला ही बाटली आठवते. अशा याद्यांची परंपरा जुनी आहे. जपानने 1971 पासून हजारो तज्ज्ञांना प्रश्नावल्या पाठवून भविष्याचा अंदाज बांधायला सुरुवात केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय समितीने 1991मध्ये 22 तंत्रज्ञानांची यादी दिली. आपल्याकडे 1988मध्ये ‘टायफॅक’ ही तंत्रज्ञानाचा अंदाज घेणारी संस्था स्थापन झाली आणि डॉ. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली तिने ‘टेक्नॉलॉजी व्हिजन 2020’चे दस्तऐवज तयार केले. ते काम मोठे होते, मनापासून केलेले होते. अलीकडे, 2023मध्ये, ऑस्ट्रेलियातील एका धोरण-संस्थेने 44 तंत्रज्ञानांची मोजणी केली. त्यातल्या 37मध्ये चीन पुढे निघाला आणि जगभर खळबळ उडाली. पण तिथे माप होते सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या शोधनिबंधांचे. शोधनिबंध नव्यावर लिहिले जातात. जे जुने झाले, रुळले, ते या मापात दिसतच नाही.

पेनिसिलीन तसे जुने आहे. स्वातंत्र्यानंतर ते देशातच बनावे म्हणून 1954मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफची आणि तांत्रिक ज्ञानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली. तिथल्याच प्रयोगशाळेत पुढे हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले गेले. उत्पादन शिकता शिकता संशोधनही रुजते, हे पिंपरीने दाखवून दिले होते. आजही त्या भागात एचए कॉलनी आणि एचए मैदान हीच नावे चालतात.

हे काम किती नाजूक, ते जवळून पाहायला हवे. पोलादी फर्मेंटरमध्ये मक्याच्या स्टार्च-कारखान्यातून निघणारा कॉर्न स्टीप लिकर, साखर आणि क्षार यांच्या मिश्रणात बुरशी वाढवतात. खालून निर्जंतुक हवा सतत सोडावी लागते. साखर थेंबाथेंबाने द्यायची; जास्त झाली तर बुरशी फोफावते, पण पेनिसिलीन द्यायचे थांबवते. फेस चढला की तो मोडायचा. एखाद्या व्हॉल्व्हमधून परका जीवाणू शिरला, तर तो पेनिसिलीनच खाऊन टाकणारे विकर सोडू शकतो आणि काही दिवसांची मेहनत गटारात जाते. बुरशीचा वाणही वर्षानुवर्षे निवडून, बदलून सुधारावा लागतो. पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगच्या बुरशीतून मिलिलीटरमागे मोजके युनिट मिळत. आजचे वाण त्याच्या हजारो पट देतात. ही वाढ एका शोधाने आलेली नाही. कारखाना रोज चालू राहिला, म्हणून ती आली.

आपण नेमका त्यातच खंड पाडला. 1991नंतर आयातशुल्क उतरत गेले, चिनी माल स्वस्तात येऊ लागला आणि देशातील पेनिसिलीन-जीचे कारखाने एकेक करून बंद पडले. तयार पदार्थ विकत घेऊन गोळ्या करणे परवडत होते, आणि त्या वेळी कुणालाही ते चूक वाटले नसेल. पिंपरीची कंपनी तर इतकी खचली की डिसेंबर 2016मध्ये अतिरिक्त जमीन विकून तिची देणी फेडण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाला घ्यावा लागला. कारखान्याबरोबर वाण सांभाळणारे आणि हवेचे फिल्टर तपासणारे हातही पांगतात. ते नुकसान कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

मार्च 2020मध्ये कोविडमुळे चीनमधील पुरवठा अडला, तेव्हा भारताने मूळ द्रव्ये आणि त्यांची औषधे मिळून 26 बाबींच्या निर्यातीवर बंधने घातली. जगाला औषधे पुरवणारा देश असा हादरला. त्याच महिन्यात मूळ औषधी द्रव्यांसाठी 6,940 कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना मंजूर झाली, आणि 2024मध्ये आंध्रातील काकिनाडाजवळ पेनिसिलीन-जीचा मोठा कारखाना सुरू झाला. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण हा निर्णय धक्का बसल्यावर झाला. कोणते तंत्रज्ञान निर्णायक, याचे मूल्यमापन असते तर तो आधी झाला असता.

म्हणून यादी करणाऱ्यांना माझे एक कळकळीचे मागणे आहे. ‘जगात नवे काय’ हा प्रश्न विचाराच. क्वांटम आणि चिप यांवाचून चालणार नाही. पण प्रत्येक ओळीपुढे आणखी तीन गोष्टी लिहा. हे उद्या मिळेनासे झाले तर काय बंद पडेल? जगात ते किती जण बनवतात? आणि शून्यातून पुन्हा उभे करायला किती वर्षे लागतील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तज्ज्ञांच्या बैठकीत मिळणार नाही. त्यासाठी कारखान्याच्या पाळीवर जावे लागेल. सगळेच निर्णायक म्हटले तर यादीला अर्थ उरणार नाही, हेही खरे. मात्र या तीन प्रश्नांच्या चाळणीतून बरीचशी चमकदार नावे गळतील आणि काही जुनी, विसरलेली नावे वर येतील.

काकिनाड्याची कसोटी आता लागायची आहे. चीनने भाव पाडला तरी गोळी बनवणारा कारखानदार देशी पेनिसिलीनच घेईल का? सरकारी दवाखान्यांची खरेदी आजही प्रामुख्याने सर्वांत कमी दरावर ठरते. त्या निविदेत मूळ द्रव्य देशात बनल्याला काही वजन द्यायचे की नाही, हा निर्णय विज्ञान खात्याच्या फाइलवर नाही, खरेदी विभागाच्या टेबलावर होतो.