स्वकष्टाची वही

दीपनगरच्या वीजकेंद्रांत उभी नोकरी काढलेल्या आमच्या पिढींत एक वाक्य फार प्रचलित आहे: "आम्हांला कोणीं शिकविलें?" मुलाच्या कॉलेजची फी भरण्याची वेळ आली, कीं तें हटकून ऐकूं येतें. बोलणारा तें अभिमानानें बोलतो आणि मग मुकाट्यानें फी भरतो. मीहि तें पुष्कळदां बोललों आहें. तें खरें आहे कीं नाहीं, हा विचार मात्र फार उशिरां सुचला.

माझी हकीकत थोडक्यांत अशी. उन्हाळ्याच्या सुटींत सावद्याच्या स्टेशनावर वाघिणींत केळीचे घड भरावे आणि त्या मजुरींतून जळगांवच्या सरकारी तंत्रनिकेतनाची वर्षाची फी द्यावी. वडिलांनीं एक पैसाहि दिला नाहीं; त्यांच्यापाशीं तो नव्हताच. परंतु एका उन्हाळ्याच्या मजुरींत ती फी भागत असे, ती कां? कारण खरा खर्च सरकार सोशीत होतें. म्हणजे ज्यांचीं मुलें कधीं शाळेची पायरी चढलीं नाहींत, ते कर देणारे लोकहि सोशीत होते. शिवाय तीन वर्षें ज्या मावशीकडे जेवलों, तिनें भाकरी मोजल्या नाहींत. आम्हांला कोणीं शिकविलें, ह्याचें उत्तर असें बरेंच लांबलचक आहे.

1983 मध्यें महाराष्ट्र सरकारनें विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली. त्यामुळें जागा वाढल्या व खेड्यापाड्यांतील मुलें इंजिनिअर झालीं, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण तेथें सरकारनें उचलावयाचा वांटा बापाच्या खांद्यावर आला. आज एखाद्या मुलानें सबंध उन्हाळा हमाली केली तरी अशा कॉलेजची सहामाहीहि निघावयाची नाहीं. (आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचें व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क 2024 मध्यें माफ झालें, हा एक दिलासा.) तेव्हां "मीं केलें तें तूंहि कर" असें म्हणणाऱ्या बापाला न्यायाची भाषा शोभत नाहीं.

कायदा ह्या बाबतींत मौजेचा आहे. 1956 च्या हिंदु दत्तक व पोटगी कायद्यानें पोटगींत शिक्षणाचाहि समावेश केला आहे. पण मुलापुरतें तें बंधन तो सज्ञान होईपर्यंतच. निर्वाह करूं न शकणाऱ्या अविवाहित मुलीचें बंधन मात्र पुढेंहि राहतें. म्हणजे मुलगा कॉलेजच्या दाराशीं येतो, नेमका तेथेंच कायदा बापाचा हात सोडतो. पुढें उरतें तें पितृऋण. हें ऋण मोठें चमत्कारिक. तें ज्याच्याकडून घेतलें त्याला फेडावयाचें नसतें, पुढल्या पिढीला फेडावयाचें असतें. तसें पाहिलें तर फी भरणारा बाप ऋणको ठरतो, सावकार नव्हे.

खरी अडचण ह्याच्यापुढें आहे. आगरकरांचें उदाहरण घ्या. स्वतःच्या हिंमतीवर एम्. ए. पर्यंत पोहोंचलेल्या ह्या गरीब विद्यार्थ्यानें आईला कळविलें, कीं मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आशा धरूं नकोस. हें पत्र त्यांना लिहितां आलें, ह्यांत त्यांच्या निश्चयाचा भाग मोठा. पण त्यांचें शिक्षण कोणाच्या थैलींतून विकत घेतलेलें नव्हतें, हाहि थोडा भाग असेल. उलट गोखल्यांचें शिक्षण वडील बंधु गोविंदरावांनीं केलें. त्यांनीं स्वतः शाळा सोडली आणि पंधरा रुपयांच्या पगारांतून आठ रुपये धाकट्याला पाठविले. तरीहि गोखले 1884 मध्यें बी. ए. झाले आणि थोड्याच काळांत पुण्यास अल्प वेतनाच्या शिक्षकीस लागले. त्या आठ रुपयांना वेसण बांधलेली नव्हती, असेंच मला वाटतें.

माझ्या रुपयांना ती होती. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षांत असतां म्हणाला, "पदवी पुरी करतों, पण पुढें इतिहास शिकेन." मीं कपाटांतून वही काढली. पहिल्या वर्षापासूनचा सर्व खर्च तींत तारीखवार लिहिलेला होता, तो वाचून दाखविला. त्यानें तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाला, "अण्णा, हें कर्ज होतें असें अगोदर सांगितलें असतें, तर मीं घेतलें नसतें."

मुलानें मन लावून शिकावें, एवढी अपेक्षा देणाऱ्यानें अवश्य ठेवावी. तीहि नको म्हणणें हें मला ढोंग वाटतें. पण मन कशांत लावावें, हें फीच्या पावतीवर लिहिलेलें नसतें. आणखी एक गोष्ट त्या रात्रीं ध्यानांत आली. दुसऱ्या वर्षीं हिच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. त्यांची नोंद वहींत नव्हती. विचारलें, तर म्हणाली, "लिहूं नका असें मींच तेव्हां सांगितलें होतें."

मुलगा आतां पुण्यास इतिहास शिकतो आणि सकाळीं शिकवण्या करतो. गेल्या दिवाळींत त्यानें पांच हजार रुपये पाठविले; सोबत दोन ओळीहि नव्हत्या. मीं संवयीनें वही उघडली आणि ती रक्कम जमेच्या बाजूस लिहिली. ही शेजारींच निवडत बसली होती. म्हणाली, "आतां तरी मिटा ती." मीं वही मिटली, आंकडा मात्र खोडला नाहीं.