मेलेल्या माशाचे कल्ले बघतोस, जिवंताचे का नाही?

मेलबर्नच्या डँडेनॉन्ग मार्केटात मंगळवारी सकाळी तुला कितीदा पाहिलंय मी. बांगडा हातात घेतोस, अंगठ्यानं कल्ला उचलतोस, आतला रंग बघतोस, नाकाशी धरतोस आणि मनाजोगा नसला की सरळ बर्फावर परत ठेवतोस. मालवणच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. तोच तू मला फोनवर सांगतोस, "बाई, मासे मेले, पण पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं!" ताटात वाढायच्या माशाचे कल्ले पारखणारा माणूस पाच दिवस घरातल्या जिवंत माशासमोर खुर्ची टाकून बसला आणि त्या जिवाचे कल्ले धापा टाकल्यासारखे उघडमिट करतायत हे त्याला दिसलं नाही. माझा राग त्यावर आहे. मासे माझ्याकडेही मेलेत, नऊ वर्षं टाकी सांभाळतेय मी. पण का मेला हे विचारल्याशिवाय दुसरा आणला नाही. तू मात्र त्याच फोनवर विचारलंस, "येत्या शनिवारी नवीन आणू का?"

नाही. आणायचा नाही. आता मधे न बोलता ऐक.

शनिवारी नव्वद लिटरची टाकी आणलीस. रविवारी नळाचं पाणी भरून पिशवीतलं मीठ अंदाजानं ओतलंस. बुधवारी कामावरून येताना दोन क्लाउनफिश, एक ब्लू टँग, एक समुद्रफूल आणि झोअँथिड नावाच्या प्रवाळासारख्या जिवांचा एक दगड घेऊन आलास, कारण गुरुवारी लेकीचा वाढदिवस. सोमवारी टँग गेला. मंगळवारी एक क्लाउनफिश गेला. बुधवारी समुद्रफूल वितळून लगदा झालं आणि तेव्हा कुठे तुला बाईंची आठवण झाली. मी आले, टेस्ट किट काढलं, नळीतलं पाणी गडद हिरवं झालं. अमोनिया! आणि तू म्हणालास, "हे किट घ्यायला हवं होतं का?" दिव्यावर, वेव्हमेकरवर, पाठीमागच्या निळ्या कागदावर पैसे खर्च केलेस, आणि ज्या एका डबीनं या जिवांना वाचवलं असतं ती नको वाटली.

दहावीच्या प्रयोगवहीत तू शेजारच्याचे आकडे उतरवले होतेस. मी ते पान फाडलं होतं. तुला राग आला होता, आठवतंय मला. आज परत सांगते, तू तेव्हाही मोजलं नाहीस आणि आताही मोजलं नाहीस. तेव्हा एक पान गेलं, आता तीन जीव गेले.

अमोनिया म्हणजे काय ते तुला शाळेत शिकवलंय, तरी पुन्हा. मासा खातो, आणि त्याच्या शरीरातला बहुतेक अमोनिया लघवीतून नाही तर कल्ल्यांतून बाहेर पडतो. बाहेरच्या पाण्यातच अमोनिया साचला की आतला बाहेर यायची वाट बंद होते. वर तो कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो. मासा श्वास घेतो आणि त्याच श्वासानं गुदमरतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1च्या आसपास असतो, आणि पीएच जितका चढा तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणून तुझ्या मावशीच्या घरच्या गोल्डफिशनं जे सोसलं ते इथे कुणी सोसत नाही. त्या टँगचा कल्ला मी उचलून पाहिला. तू पाहिला असतास तर बाजारात बर्फावर परत ठेवला असतास.

हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. काही त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते दगडाच्या छिद्राछिद्रात, वाळूत, फिल्टरमध्ये वस्ती करतात आणि ती वस्ती वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री टाक्या सांभाळणारे सगळे याला 'सायकल' म्हणतात. हा काळ रिकाम्या टाकीत काढायचा असतो: मासे न घालता थोडा अमोनिया घालायचा, रोज मोजायचं, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकेपर्यंत हात बांधून बसायचं. तू तीन दिवस बसू शकला नाहीस. तू म्हणशील, दुकानात कुणी सांगितलं नाही. मासळीवालीनं "ताजा आहे" म्हटलं तर तू ऐकतोस? कल्ला उघडून बघतोसच ना?

आता मिठाचं. तुझं पाणी मी रिफ्रॅक्टोमीटरवर धरलं तर 1.031. असायला हवं 1.025 ते 1.026, म्हणजे लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार. तू सांगितलंस, पाणी आटत होतं म्हणून रोज वरून मिठाचं पाणी ओतत होतो. अरे, तू सिंधुदुर्गातला! शिरोड्याची मिठागरं तुला ठाऊक आहेत. 1930 साली जिथे सत्याग्रह झाला तिथलं मीठ कसं तयार होतं? ऊन पाणी नेतं, मीठ खाली राहतं. तुझ्या टाकीतही तेच. आटतं ते गोडं पाणी, म्हणून भरायचंही गोडं. रोज, टाकीवर खूण करून, त्या रेघेपर्यंत. तुझ्या आजीला हे न शिकता कळलं असतं.

आणि गोडं म्हणजे नळाचं नाही. मेलबर्नचं पाणी प्यायला उत्तम आहे, पण त्यात क्लोरीन असतं, 1977पासून फ्लोराइडही घालतात, आणि घरातल्या जुन्या नळ्यांतून तांबं उतरू शकतं. प्रवाळाला आणि कोळंबीला तांब्याचा अंशही चालत नाही. टाकीत आरओ-डीआय यंत्रातून गाळलेलंच पाणी जायचं. मीठ बादलीत कालवायचं, पंप लावून एक रात्र फिरवायचं, मोजायचं, मग टाकीत. रिफ्रॅक्टोमीटर मानक द्रावणानं तपासून घे, साध्या पाण्यावर शून्य जुळवून समाधान मानू नकोस. मोजायचं यंत्रच खोटं बोललं तर वही भरून काय उपयोग?

टँगबद्दल मला जास्त बोलायचंय. तो निळा मासा 'फाइंडिंग निमो'मधला, म्हणून लेकीला हवा होता. 2003 सालचा सिनेमा, गोड आहे, मीही पाहिलाय. पण तो मासा पूर्ण वाढला की 30 सेंटिमीटर होतो, आणि रीफवर दिवसभर लांबच लांब पोहतो. तुझी टाकी 60 सेंटिमीटर लांब. दोन अंगलांबीत त्यानं आयुष्य काढायचं होतं. अमोनियानं मारला नसता तर त्या काचेनं मारला असता, सावकाश. क्लाउनफिश ठीक आहे. तो टाकीतच पैदा केलेला सहज मिळतो, लहान राहतो, कणखर असतो. त्याला समुद्रफूल लागतंच असंही नाही. समुद्रफुलाला मात्र जुनी, स्थिर टाकी लागते, निदान सहा महिने ते वर्ष मुरलेली. नाही तर ते जागा सोडून फिरतं, वेव्हमेकरच्या तोंडी सापडतं, चिंध्या होतात आणि टाकीभर विष पसरतं.

बरं, तू नेमका कोण आहेस? सुट्टीत सिंधुदुर्ग किल्ल्याकडे स्नॉर्केलिंगच्या होडीवर काम करणारा पोरगा तू. पर्यटक प्रवाळावर पाय देऊन उभे राहिले की ओरडायचास. मालवणच्या समुद्राला 1987 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. 2001पासून दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. मुंबईत किनारी रस्त्यासाठी हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळाच्या 18 वसाहती 2020 साली हलवाव्या लागल्या, तर त्यासाठी समुद्रविज्ञानातले तज्ज्ञ लागले, परवानगी लागली, नंतरची देखरेख लागली. आणि तू तो झोअँथिडचा दगड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या सीटवर आणलास. इथे परवानाधारक पाणबुडे क्वीन्सलंडच्या समुद्रातून प्रवाळ काढतात, ते कायदेशीर आहे, ठाऊक आहे मला. पण ज्या ग्रेट बॅरियर रीफच्या समुद्रातून ते येतं तो रीफ 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 मध्ये पांढरा पडलाय. तिथून आलेला एक तुकडाही जिवंत ठेवायची ताकद नसेल तर घरी आणायचा हक्क तुला कुणी दिला?

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. मी आले तेव्हा तुझी लेक उघड्या हातानं झोअँथिडचा तो दगड उचलून मला दाखवत होती. माझा श्वास अडकला. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. 1971 साली हवाईतल्या अशाच एका जिवापासून ते प्रथम वेगळं करण्यात आलं, आणि माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. हाताला चीर असेल, डोळ्यांत थेंब उडाला, तर माणूस इस्पितळात पोचतो. तू म्हणालास, "दगडावर शेवाळं आलं तर उकळून घेईन." खबरदार! असला दगड उकळला की वाफेतून ते विष घरभर जातं आणि अख्खं कुटुंब आजारी पडतं, असं खरोखर घडलंय. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, काम झाल्यावर साबणानं हात धुणं, आणि लेकीनं फक्त बघायचं. यात सवलत नाही. माझ्या वर्गात ॲसिडच्या बाटलीला जसा नियम होता तसाच हा.

मोर्डिआलकच्या किनाऱ्यावरून दगड उचलून आणू का, असं तू विचारलंस तेव्हा मी गप्प राहिले. आता उत्तर देते. पोर्ट फिलिप उपसागराच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून शंख-शिंपल्यांसारखे जीव उचलायला व्हिक्टोरियात बंदी आहे, आणि दगडाला ते चिकटलेलेच असतात. शिवाय ते पाणी हिवाळ्यात 10-11 अंशांवर जातं. तिथले जीव तुझ्या 25 अंशांच्या टाकीत शिजून मरतील आणि पुन्हा तोच अमोनिया.

त्याच्या उलट चूक तर तू केलीसच. वितळलेल्या समुद्रफुलाचं पाणी बादलीनं रस्त्याकडेच्या पन्हाळीत ओतलंस. ती पन्हाळी पावसाच्या पाण्याची. डँडेनॉन्गच्या अशा पन्हाळ्या डँडेनॉन्ग क्रीकला मिळतात, क्रीक पॅटरसन नदीतून कॅरमजवळ उपसागरात उतरते. मधे कुठे शुद्धीकरण नाही. 1984 साली मोनॅकोच्या समुद्री संग्रहालयाच्या खाली टाक्यांमधल्या एका शेवाळाचा, कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा, साधारण एक चौरस मीटरचा डाग दिसला. ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टर पसरलं. तेच शेवाळ 2000 साली न्यू साउथ वेल्सच्या खाड्यांत सापडलं. टाकीचं पाणी घरातल्या सिंकमध्ये किंवा संडासात जातं, जे मलनिस्सारणाला पोचतं. पन्हाळीत एक थेंब नको.

वीज गेली तर काय करणार, याचाही तू विचार केलेला नाहीस. 13 फेब्रुवारी 2024च्या वादळात व्हिक्टोरियात पाच लाखांहून जास्त घरांची वीज गेली. त्या रात्री मी बॅटरीवरचा हवेचा पंप लावून टाकीजवळ बसून होते. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. पंप, सुटी बॅटरी आणि पाण्यावर वारा घालायला पंखा, एवढं कपाटात आधी ठेव, मग मासा.

आता काय करायचं ते. टाकी चालू राहू दे, दिवे मंद. गाळलेलं पाणी घालून मीठ 1.025-1.026वर आण, एकदम नाही, दोन-तीन दिवसांत. त्या दगडावरचे झोअँथिड चिवट आहेत, ते जगतील. रोज संध्याकाळी सातला अमोनिया, नायट्राइट, मीठ आणि तापमान लिहायचं. चार-पाच आठवड्यांनी काच तपकिरी होईल, दगडावर केसांसारखं शेवाळ येईल. ते येऊ दे. घाबरून औषध ओतू नकोस, आणि तांब्याचं औषध तर या टाकीत कधीच नाही. पुढे मासा आणशील तो आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे राहील, अंगावर पांढरे ठिपके आले तर तिथेच कळेल. मुख्य टाकीत तो रोग शिरला तर दोन-अडीच महिने ती माशांविना ठेवावी लागते. घाईनं वाचवलेला आठवडा तुला एवढा महाग पडेल.

आकडे लेकीनं वाचायचे, लिहायचे तू. कुणाचे उतरवायचे नाहीत, अंदाजाचे तर नाहीच. चुकला आकडा खोडून वर नवा लिही, पान फाडू नकोस. दर रविवारी चार वाजता मी वही तपासायला येईन.

उरलेला क्लाउनफिश मी बादलीतून माझ्या घरी नेलाय, वेगळ्या टाकीत आहे. पहिले दोन दिवस काही खाल्लं नाही. काल रात्री गोठवलेल्या कोळंबीचा एक तुकडा घेतला. आज सकाळी घड्याळ लावून त्याचे कल्ले मोजले, परवापेक्षा बरेच संथ आहेत. आकडा माझ्या वहीत आहे, येशील तेव्हा बघ.