स्मारकाची बाग कोणी राखावी?

वाचकहो, एक साधा प्रश्न आपल्यापुढे मांडतो. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या पुतळ्यास हार घालण्यासाठी गावोगावी रांगा लागतात. १५ एप्रिलला ते सुकलेले हार उतरविण्यासाठी कोण येतो? पुतळ्याभोवती हौसेने लावलेल्या रोपांना मे महिन्यात पाणी कोण घालतो? पायाखाली तुडविल्या गेलेल्या पाकळ्या, कागदी पेले आणि फटाक्यांचा कचरा कोणाच्या हातांनी उचलला जातो? या प्रश्नांची उत्तरे आपण बहुधा शोधत नाही. शोधली तर ती अडचणीची ठरतील, म्हणूनच शोधत नसू. परंतु ज्या धम्माने नीतीलाच केंद्रस्थानी ठेवले, त्या धम्माच्या अनुयायाला अडचणीचा प्रश्न टाळून चालणार नाही.

प्रथम, पुतळा आणि बाग यांतील फरक पाहू. पुतळा दगडाचा वा धातूचा असतो. तो वर्षभराची उपेक्षा सहन करतो आणि जयंतीच्या आदल्या दिवशी धुतला की पुन्हा उजळतो. बागेचे तसे नाही. झाडाला पाणी आठ दिवस मिळाले नाही तर नवव्या दिवशीचे भाषण त्याला वाचवू शकत नाही. स्मारकाला बाग जोडणे म्हणजे आम्ही रोज आठवण ठेवू, असे वचन देणे होय. ते पाळायचे नसेल तर बाग लावूच नये. वाळलेली बाग ही नुसती ओसाड जागा नसते. ते मोडलेले वचन असते आणि येणारा-जाणारा ते वाचत असतो.

अनित्यतेचा सिद्धांत येथे आपल्याला काय शिकवितो? सर्व संस्कार अनित्य आहेत, म्हणून राखण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चुकीचा आहे. बुद्धगयेचा जुना बोधिवृक्ष १८७६ साली कोसळला आणि १८८१ साली कनिंगहॅम यांनी तेथे नवे रोप लावले. आज जो वृक्ष आपण पाहतो तो हाच. सम्राट अशोकाच्या काळात संघमित्रेने श्रीलंकेत नेलेली शाखा अनुराधपूर येथे आजही वृक्षरूपाने उभी आहे, कारण दोन हजारांहून अधिक वर्षे कोणी ना कोणी तिची राखण केली. राजे गेले, राजवटी गेल्या. एका पिढीने घागर खाली ठेवली ती दुसऱ्या पिढीने उचलली. वस्तू अनित्य आहे, म्हणूनच तिची काळजी रोज घ्यावी लागते. जे कायम टिकणारे आहे त्याला माणसाच्या हाताची गरजच काय?

आता आपल्या परंपरेबाहेरचे एक उदाहरण घेऊ. पुण्याजवळ खडकी येथे युद्धात पडलेल्या सैनिकांची दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील मृतांच्या ज्या कबरी पश्चिम व मध्य भारतात विखुरल्या होत्या आणि जेथे कायमच्या निगेची खात्री देता येत नव्हती, त्या तेथून हलवून खडकीस आणल्या गेल्या. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. जेथे राखण होणार नाही तेथे स्मारक ठेवायचे नाही, हा नियम त्यांनी पाळला. १९१७ साली स्थापन झालेली युद्धकबरींची ही संस्था आज दीडशेहून अधिक देशांत सुमारे १७ लाख मृतांची स्मृती जतन करते. सेनापती असो वा साधा शिपाई, शिळा सारख्याच मापाची. शिळेच्या पायथ्याशी बुटकी फुलझाडे लावतात. ती शोभेसाठी असतातच, पण पावसात माती उडून नावावर चिखल बसू नये हाही त्यांचा उपयोग आहे. मृताचे नाव स्वच्छ दिसावे, एवढ्यासाठी एक रोप आणि एक पगारी माळी!

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. समतेचे तत्त्व लिहिणाऱ्या त्याच संस्थेच्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कबूल केले की, पहिल्या महायुद्धातील, प्रामुख्याने आफ्रिकी व इजिप्शियन, मृतांपैकी निदान १,१६,००० जणांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत किंवा त्यांची दखलच घेतली गेली नाही. ही संख्या साडेतीन लाखांपर्यंत असू शकेल, असेही त्या अहवालात म्हटले आहे. म्हणजे बाग उत्तम राखली गेली, पण बागेत कोणाला जागा द्यायची हे ठरविताना माणसामाणसांत भेद झाला. तत्त्व शिळेवर कोरून भागत नाही. ते रोजच्या व्यवहारात उतरले आहे की नाही, हे तपासावे लागते.

हीच तपासणी आपण स्वतःच्या अंगणात करू. थेरगाथेत सुनीत नावाच्या थेराची कथा आहे. तो हीन मानलेल्या कुळात जन्मला होता आणि त्याचे काम होते सुकलेली फुले झाडून टाकणे. फुले वाहणारा प्रतिष्ठित आणि तीच फुले सुकल्यावर उचलणारा नीच, अशी ती समाजरचना होती. तथागतांनी या सुनीताला संघात घेतले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्याच्या दीक्षेची कथा आवर्जून सांगितली. का सांगितली असेल? हार घालणारे हात आणि सुकलेली फुले उचलणारे हात यांच्यातील भिंत पाडणे हे धम्माचे काम आहे, हे आपल्याला कळावे म्हणूनच ना?

संघात गेल्यावर झाडणे संपत नाही, हेही लक्षात घ्या. विनयपिटकातील महावग्गात नियम आहे की, उपोसथाची जागा झाडलेली असावी. वडील भिक्षूने नव्या भिक्षूस ते काम सांगावे आणि आजारी नसताना त्याने ते नाकारू नये. येथे झाडू जातीने दिलेला नाही. क्षत्रिय कुळातून आलेला भिक्षू आणि सुनीत, दोघांनाही तो उचलावा लागे. काम तेच राहिले. जन्माने ते काम एकाच्याच माथी मारण्याची पद्धत मात्र संघाने मोडली.

येथे काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की, हे नगरपालिकेचे काम आहे, आपण कर भरतो. खरे आहे. सार्वजनिक बाग राखणे ही नगरपालिकेची व ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे आणि ती त्यांच्याकडून पार पाडून घेतलीच पाहिजे. परंतु आपण मागणी काय करतो? नवी कमान, उंच चौथरा, रंगीत दिवे! बागेच्या माळ्याला कायम नोकरी, वेळेवर पगार, हातमोजे आणि पाण्याची सोय मिळावी म्हणून किती निवेदने दिली जातात? ठेकेदाराकडे तुटपुंज्या मजुरीवर राबणाऱ्या बाईने समतेच्या प्रवक्त्याचा चौथरा पुसावा आणि आपण तेथे समतेवर व्याख्यान द्यावे, यातील विसंगती आपल्याला टोचली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मनापासून केला जातो. “आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाव झाडला. आम्ही शिकलो ते झाडू सुटावा म्हणून. आता पुन्हा तोच हातात घ्यायचा?” घराण्यातील पहिला पदवीधर असलेल्या माझ्यासारख्या माणसाला या वाक्यामागची वेदना कोणी समजावून सांगायला नको. पण विचार करा. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. पाप झाडूत नव्हते. ते सक्तीत होते, ‘तूच झाड आणि तुझ्या मुलानेही झाडावे’ या आज्ञेत होते. आपण झाडू टाकला आणि तो दुसऱ्या एखाद्या सफाई कामगार जातीच्या हातात गेला, तर गावगाडा मोडला असे म्हणता येईल का? आपण फक्त त्या गाड्यावरची आपली जागा बदलली, असे होईल. आपल्याच स्मारकात आपणच नवा गावकुसाबाहेरचा माणूस निर्माण करणार आहोत काय?

तिसरा आक्षेप म्हणजे, बागांवर खर्च करण्यापेक्षा शाळा काढा. नोएडाचे राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ १४ ऑक्टोबर २०११ रोजी खुले झाले तेव्हा हीच टीका झाली. मी शिक्षक आहे, शाळेचे महत्त्व मला पटते. परंतु ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या सार्वजनिक तळ्यावर पाणी पिण्यासाठी संगर करावा लागला, त्याच्यासाठी सर्वांना मोकळी असलेली जागा ही चैन नव्हे. म्हणूनच आपल्या बागेला वर्षभर कुलूप असणे हा मोठा दोष आहे. अशोकाने झाडे लावली ती माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून. ज्या बागेत सावली नाही, बसायला बाक नाही, मुलाला पुस्तक उघडून वाचता येत नाही, ती शिलालेखातल्या त्या झाडांच्या जातीची नव्हे.

मात्र निगेचेही कर्मकांड होऊ देऊ नका. धम्मपदाच्या अट्ठकथेत सदासर्वदा झाडत राहणाऱ्या एका भिक्षूची गोष्ट आहे. ध्यानस्थ बसलेल्या रेवत थेरांना तो आळशी समजे. रेवतांनी त्याला सांगितले की, झाडण्याच्या वेळी झाडावे, उरलेला वेळ स्वतःच्या चित्ताकडे द्यावा. बाबासाहेबांनीही १९४३ साली पुण्यात आणि १९४९ साली संविधान सभेत विभूतिपूजेचा धोका स्पष्टपणे सांगितला होता. बाग राखणे ही पूजा नव्हे. विचार वाचण्यासाठी एक स्वच्छ जागा राखणे, एवढाच तिचा अर्थ.

१ जुलै २०२४ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध हजारो लोक धावून आले आणि शासनाला ते काम थांबवावे लागले. संकटाच्या दिवशी धावून येणारा समाज जिवंत आहे, यात शंका नाही. पण संकट नसलेल्या दिवशी काय? म्हणून सुचवितो की, प्रत्येक वस्तीने पाळीची यादी करावी. तीत शिक्षक, कारकून, अधिकारी, मजूर आणि पुढारी यांची नावे एकाखाली एक असावीत. बायका-मुलांवर काम ढकलून पुरुषांनी देखरेख करू नये. दुष्काळी भागात हिरवळीचा हट्ट सोडावा, कडुनिंब, करंज, बहावा लावावा. पिंपळ चौथऱ्यापासून दूर लावावा, नाहीतर त्याचीच मुळे चौथरा फोडतील. जो पगारी माळी असेल त्याला पूर्ण मजुरी मिळते की नाही, हे बैठकीत विचारावे आणि त्याला त्याच्या नावाने, आदराने हाक मारावी.

बंधुभगिनींनो, हार घालायला जरूर जा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घागर आणि झाडू घेऊनही जा. तेथे एखादा कामगार आधीच वाकून फुले गोळा करताना दिसला, तर त्याला नुसता ‘जय भीम’ करून पुढे जाऊ नका. दुसऱ्या बाजूने झाडायला लागा.