आजोबांचें खरें धन

प्रेषित पौलानें तीमथ्याला त्याची आजी लोईस हिच्या विश्वासाची आठवण दिली. आज आम्ही सिसिली बेटांतील एका आजोबांची आठवण देतों.

त्या बेटावर गंधकाच्या खाणी होत्या. गरीब आईबाप उचल घेऊन आपलें मूल खाणकऱ्याच्या हवालीं करीत, आणि ती फिटेपर्यंत तें पोर पाठीवर दगड वाहून वर आणी. उचल म्हणजे काय, हें आपणांस सांगणें नलगे. राकालमूतो गांवचा, बाप वारलेला एक मुलगा नवव्या वर्षीं अशा खाणींत उतरला. दिवसा ओझें वाहावें व काम संपल्यावर एका धर्मगुरूपाशीं अक्षरें गिरवावीं, असें करीत तो पुढें खाणीचा कारभारी झाला. त्याचा नातू लिओनार्दो शाशा (१९२१–१९८९) गांवच्या शाळेंत शिक्षक व पुढें नामांकित ग्रंथकार झाला. खाणकऱ्यांचीं व गरीब मुलांचीं दुःखें त्यानें जगापुढें मांडिलीं.

नातवाच्या लेखणीचें मूळ आजोबांच्या त्या अक्षरांत होतें. बंधूंनो, आपलें पोर संध्याकाळीं थकून घरीं आलें, तरी त्याला घटकाभर पाटीपाशीं बसवा. त्याच्या पाठीवरील ओझें आपल्या कर्जाचें तर नाहीं ना, हेंही देवासमोर तपासून पाहा. प्रभु आपणांस सद्बुद्धि देवो. आमेन.