तारे अजून जन्मास येत आहेत



परमेश्वरानें चौथ्या दिवशीं तारे केले, हें आपण बाळपणापासून ऐकतों. त्यावरून पुष्कळांस वाटतें कीं आकाशाचें काम त्याच दिवशीं संपलें, आणि आतां वर केवळ जुने दिवे जळत आहेत. तसें नाहीं. तारा हा थंड वायूच्या ढगांतून जन्मतो. हा वायु बहुतेक हायड्रोजन असतो. तो स्वतःच्याच भारानें आंत आंत कोसळतो, दाटतो, तापतो; पोटांतील उष्णता कोटि अंशांच्या घरांत गेली म्हणजे हायड्रोजनाचें हेलियम होऊं लागतें व तारा प्रकाशतो. आपल्या आकाशगंगेंत आजही दरसाल एकदोन सूर्यांच्या वजनाइतके नवे तारे घडतात.

परंतु पूर्वीं हें काम फार वेगानें चाले. सुमारें १,००० कोटि वर्षांपूर्वीं विश्वांत तारे आजच्या दहापट वेगानें जन्मत. मग मंदी कां आली? याचा उलगडा जुन्नर तालुक्यांतील खोडद गांवीं झाला. तेथें ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या आहेत. त्या दूरच्या हायड्रोजनाच्या क्षीण रेडिओलहरी टिपतात. एकट्या दीर्घिकेचा आवाज ऐकूं येईना, म्हणून पुणें व बंगळूर येथील संशोधकांनीं ७,६५३ दीर्घिकांचे आवाज एकत्र केले. इ. स. २०२० मध्यें त्यांनीं कळविलें कीं, ८०० कोटि वर्षांपूर्वीं दीर्घिकांजवळ वायु विपुल होता. पण तारे घडविण्याचा खर्च असा कीं, तो सांठा १०० ते २०० कोटि वर्षेंच पुरावा. बाहेरून नवा वायु पुरेसा आला नाहीं, म्हणून जन्म मंदावले.

नारपोलीच्या बंधूंस हें समजावयास दुर्बीण नको. यंत्रमागावर बीम भरलेलें असलें तरी धोट्यांतील कांडी संपली म्हणजे कापड वाढत नाहीं. आमच्या कांहीं मंडळ्या, मला वाटतें, अशाच आहेत. वडिलांनीं विश्वास धरला, छळ सोसला, प्रार्थनामंदिर बांधलें. त्या पुंजीवर आम्ही बसलों. मागाच्या कामासाठीं परमुलखांतून आलेलें कुटुंब दाराशीं उभें राहतें, तों कोणी हळूच विचारतो, हे कोणाचे? कोणत्या जातीचे? सारफथ येथील विधवेचें तेल आटलें नाहीं. पण तिनें आधीं परक्या एलीयास भाकर दिली होती. हें आपण उपदेशांत सांगतों आणि दारांत विसरतों.

हिंवाळ्यांत मृग नक्षत्र वर आलें म्हणजे बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस एक धूसर ठिपका शोधावा. नारपोलींत रस्त्यांवरील दिव्यांमुळें तो कष्टानेंच दिसेल. खेड्यांत, अमावास्येच्या सुमारास, नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. तेथें, सुमारें १,३०० प्रकाशवर्षांवर, वायूच्या ढगांत नवे तारे घडत आहेत.