पाचवं कारण

सुट्टीत वाईला मावशीकडे आलो की रात्री कागदावर दुसऱ्या दिवशीची सायकलफेरी मांडतो. पसरणी घाटाने पाचगणी: जेमतेम 12 किलोमीटर, पण चढ साडेपाचशे मीटरच्या वर. पर्यटकांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत माथा गाठायचा. पाण्याच्या दोन बाटल्या, जादा ट्यूब, चिक्की.

"एकटाच? वाटेत काही झालं तर?" मावशीचा ठरलेला प्रश्न.

गीतेच्या 18व्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना हालचाली आणि पाचवं दैव. चारांची तजवीज मी करतो. म्हणजे पाचवं मानतो, की त्याला हुसकावून लावू पाहतो?

गेल्या खेपेला मधल्याच वळणावर मागचं चाक बसलं. नवी ट्यूब काढली, तर व्हॉल्व्ह आखूड. रिमबाहेर पंप धरण्याइतकाही येईना. सायकल ढकलत उतरताना मी नशिबाला शिव्या घातल्या. व्हॉल्व्ह न बघता ट्यूब घेणारा कर्ता मीच होतो, हे पायथ्याशी आल्यावर सुचलं. (माथा गाठतो तेव्हा मात्र दैव आठवत नाही.)

यंदा व्हॉल्व्ह मोजून घेतलाय. यादीत पाचवा आकडा घालून पुढे जागा कोरी सोडली होती. सकाळी पाहिलं, तिथे मावशीच्या अक्षरात लिहिलेलं: स्वेटर.