आरसा कुठपर्यंत पुरतो?

दशलक्षण पर्वातल्या व्याख्यानांत हल्ली एक वाक्य वरचेवर कानावर येतं: अहिंसा आता विज्ञानानेही सिद्ध केली. पुरावा म्हणून मिरर न्यूरॉनचं नाव घेतलं जातं. आपल्या मेंदूत अशा पेशी आहेत म्हणे, की दुसऱ्याला लागलं की त्या आपल्यातही ठणकतात. ऐकणारे माना डोलावतात. मला मात्र वाटतं की या वाक्याने विज्ञानावरही अन्याय होतो आणि अहिंसेवरही.

आधी काय सापडलं ते बघू. इटलीतल्या पार्मा विद्यापीठात जाकोमो रित्सोलात्ती आणि त्यांचे सहकारी एका साध्या प्रश्नावर काम करत होते: हाताच्या हालचाली मेंदू कशा ठरवतो? त्यासाठी त्यांनी मकाक माकडं घेतली. मकाक म्हणजे आपण ज्याला नुसतं माकड म्हणतो त्याच कुळातलं. काळ्या तोंडाचं वानर वेगळं. माकडाच्या मेंदूत बारीक तार घालून ते एकेका पेशीची नोंद घेत. माकडाने खाऊ उचलला की एखादी पेशी जागी व्हायची, ते अपेक्षितच होतं. पण समोरच्या माणसाने खाऊ उचलला आणि माकड हात न हलवता नुसतं बघत बसलं, तरी तीच पेशी जागी! 1992 साली यावरचा पहिला निबंध आला, आणि 1996 मध्ये या पेशींना मिरर न्यूरॉन हे नाव मिळालं. पुढे आणखी गमती कळल्या. खाऊ पडद्याआड ठेवला, आणि तो तिथे आहे हे माकडाला ठाऊक असलं, तर पडद्यामागे जाणारा हात बघूनही यातल्या काही पेशी जाग्या होत. शेंग फोडल्याचा नुसता आवाज काहींना पुरे होई.

सुंदर शोध आहे, यात शंकाच नाही. पण नीट बघा, यात सगळीकडे हात आहे, शेंग आहे, उचलणं आहे. दया कुठेच नाही. ती आपण मागून घातली. न्यूरॉलॉजिस्ट व्ही. एस. रामचंद्रन यांनी 2009 साली म्हैसूरच्या एका भाषणात या पेशींना 'गांधी न्यूरॉन' म्हटलं, आणि मग काय, नाव गावभर झालं. ग्रेगरी हिकॉक या अमेरिकन शास्त्रज्ञाने याच कल्पनेवर आक्षेप घेणारं अख्खं पुस्तक 2014 मध्ये लिहिलं. दुसऱ्याची कृती समजायला या पेशी लागतातच, हे सिद्ध झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं नाव मात्र कुठल्या व्याख्यानात ऐकलं नाही.

शास्त्रज्ञांचा वाद शास्त्रज्ञ सोडवतील. माझा प्रश्न वेगळा आहे. समजा, दुसऱ्याचं दुःख आपल्यात उमटवणाऱ्या पेशी खरोखरच आहेत. मग काय? दुसऱ्याला काय होतंय हे कळणं म्हणजे दया नव्हे. घरात कुणाला कोणता शब्द लागेल हे ज्याला बरोबर ठाऊक असतं, तोच भांडणात तो शब्द काढतो. कोठडीत छळ करणाऱ्याला समोरच्याची वेदना कळली नाही तर त्याचं काम चालणारच नाही. आरसा त्याच्यापाशीही असतो, आणि चांगला लख्ख असतो.

शिवाय हा आरसा दाखवतो तरी किती? इटलीतल्याच बुचिनो आणि सहकाऱ्यांचा 2004 चा एक प्रयोग आहे. माणसांना मूक चित्रफिती दाखवल्या: माणूस, माकड आणि कुत्रा घास चावताना. तिघांच्याही चावण्याला बघणाऱ्याच्या मेंदूतल्या हालचालींच्या भागाने साद दिली. पण कुत्रा भुंकताना दाखवला, तेव्हा तो भाग गप्प. चावणं आपल्याला येतं, भुंकणं येत नाही, म्हणून. म्हणजे जे माझ्यासारखं, तेवढंच माझ्यात उमटतं.

कुत्र्याच्या भुंकण्यापाशीच जर ही गत, तर पाण्यातल्या जिवाचं काय? त्याला ना हात, ना तोंड, ना आवाज. आमच्या सासूबाई आयुष्यभर पाणी गाळून प्यायल्या, आणि गाळण्यावर राहिलेलं परत त्याच विहिरीत सोडत आल्या. त्या एकेंद्रिय, द्वींद्रिय जिवांसाठी त्यांच्या काळजात काही ठणकत होतं असं मला वाटत नाही. ठणकणार कसं, दिसतच नव्हते ते. त्यांनी नियम घेतला होता, तो पाळला. आरसा जिथे संपतो तिथून पुढे जायला नियम लागतो, म्हणून तर तो सांगितला. अहिंसा पेशींतच भरून आली असती तर व्रताची गरज काय होती?

आता माकडांकडे परत येते, कारण त्यांचीच एक गोष्ट राहिलीय. 1964 मध्ये शिकागोच्या मॅसरमन आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केला. साखळी ओढली की खाणं मिळे. पण त्याच वेळी शेजारच्या पिंजऱ्यातल्या माकडाला विजेचा झटका बसे. बहुतेक माकडांनी ती साखळी टाळली. एकाने पाच दिवस आणि एकाने बारा दिवस साखळीला हातच लावला नाही, उपाशी राहिलं. शेजारचं माकड ओळखीचं असलं, किंवा आपण स्वतः कधी झटका खाल्लेला असला, तर ओढणं जास्त टळे. माकडाचा आरसाही ओळखीपाळखीचाच, पण त्याने बारा दिवसांचा उपास घडवला! आणि झटक्याचं यंत्र जोडणारे, वही घेऊन बसलेले, ते आपण. त्या काळात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना ऱ्हीसस माकडं भारतातूनच मोठ्या संख्येने जात. 1978 साली मोरारजी देसाईंच्या सरकारने ती निर्यात बंद केली.

हे मी वरवर लिहीत नाही, कारण या विद्येचं ऋण माझ्या घरात आहे. मोठ्या जाऊबाईंना अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. फिजिओथेरपीवाली मुलगी त्यांना मोबाइलवर चित्रफीत दाखवते: कुणीतरी कप उचलतंय, ठेवतंय. आधी बघायचं, मग तसं करायचं. ही रीत पार्माच्या शोधातूनच पुढे आली. जाऊबाईंचा कप आता ओठांपर्यंत येतो. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली तर म्हणाल्या, "त्या माकडांचं पुढं काय केलं गं?" बहुतेक वेळा शेवटी माकड मारून, तार नेमकी कुठे होती ते मेंदू कापून बघतात, हेही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: आरंभी, उद्योगी, विरोधी, संकल्पी. पहिल्या तिन्हींत काही सवलत, संकल्पीत नाही. प्रयोगशाळेतली हिंसा कशात धरायची? उद्योगी म्हणावं, तो त्यांचा व्यवसायच आहे, असं काहीजण सांगतात. मला पटत नाही. शेतकऱ्याच्या नांगराखाली किडा येतो तो नको असताना येतो. इथे माकड हवं म्हणून आणलं जातं. दुसऱ्या बाजूला जाऊबाईंचा हात आहे, तो मी रोज बघते. व्यायाम सोडा असं मी त्यांना म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. झालेल्या हिंसेतून आलेलं ज्ञान टाकून देऊन एकही माकड परत येत नाही. पण उद्या कुणी विचारलं, की तुमच्या जावेचं बोटही हलायला लागेल, त्यासाठी आणखी दहा माकडं हवीत, सही करता का? तर मी करणार नाही. जाऊबाईंना विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.